कोडनेम्स खेळाच्या आवृत्त्या

कोडनेम्स हा शब्द ओळखण्याचा बैठा खेळ आहे. चेक खेळरचनाकार व्लादा ख्वातिल यांनी त्याची रचना केली असून 'चेक गेम्स एडिशन' या प्रकाशनसंस्थेने तो २०१५ साली प्रथम प्रकाशित केला. खेळाडूंचे दोन संघ असतात. प्रत्येक संघाचा प्रमुख एक शब्द आणि एक संख्या एवढाच संकेत देतो आणि त्यावरून त्याचे सहकारी पटावरील शब्दांपैकी आपल्या संघाचे शब्द ओळखतात. मूळ खेळाच्या यशानंतर त्याच कल्पनेवर आधारलेल्या अनेक आवृत्त्या निघाल्या. काहींमध्ये शब्दांऐवजी चित्रे आहेत, काही दोनच खेळाडूंसाठी आहेत, तर काही विशिष्ट चित्रपटमालिका किंवा कथाविश्वावर बेतलेल्या आहेत.

या आवृत्त्यांची नावे व बाह्यरूप सारखे असले तरी त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. खेळाडूंची संख्या, वाचता येणे, भाषेवरील प्रभुत्व आणि समान संदर्भांची माहिती या बाबतींत प्रत्येक आवृत्तीच्या अपेक्षा वेगळ्या आहेत. त्यामुळे एखाद्या गटाला कोणती आवृत्ती मानवेल, हे मुख्यतः त्या गटातील माणसांवरून ठरते.

## पार्श्वभूमी

'कोडनेम्स'पूर्वी ख्वातिल हे प्रामुख्याने गुंतागुंतीच्या आणि दीर्घ खेळांसाठी ओळखले जात. 'थ्रू द एजेस' (२००६), 'गॅलक्सी ट्रकर' (२००७) आणि 'मेज नाइट' (२०११) हे त्यांचे गाजलेले खेळ आहेत. त्यांपैकी काहींचे नियम समजून घ्यायलाच बराच वेळ लागतो. याउलट 'कोडनेम्स'चे नियम काही मिनिटांत सांगून होतात आणि एक डाव साधारण १५ मिनिटांत संपतो.

२०१६ साली 'कोडनेम्स'ला 'श्पील देस यारेस' हा जर्मन पुरस्कार मिळाला. १९७९ पासून दिला जाणारा हा पुरस्कार कौटुंबिक बैठ्या खेळांच्या क्षेत्रात प्रतिष्ठेचा मानला जातो. त्या वर्षी अंतिम नामांकनांत 'इम्होटेप' आणि 'करुबा' हे अन्य दोन खेळ होते. पुरस्काराच्याच वर्षी 'कोडनेम्स पिक्चर्स' ही चित्रांची आवृत्ती प्रकाशित झाली आणि पुढील दोन वर्षांत बहुतेक प्रमुख आवृत्त्या बाजारात आल्या.

## मूळ खेळाचे स्वरूप

### साहित्य व मांडणी

मूळ संचात दोन्ही बाजूंनी छापलेली २०० शब्दपत्रे, म्हणजे एकूण ४०० शब्द असतात. त्यांतील कोणतेही २५ शब्द निवडून ते ५ × ५ अशा चौकोनात मांडले जातात. दोन्ही संघांचे प्रमुख पटाच्या एकाच बाजूला बसतात आणि बाकीचे खेळाडू त्यांच्या समोर. प्रमुखांपुढे एक 'की कार्ड' उभे केलेले असते. कोणता शब्द कोणाचा, हे त्यावरील रंगीत चौकटींवरून फक्त प्रमुखांनाच कळते.

पंचवीस शब्दांची विभागणी पुढीलप्रमाणे असते :

* डाव सुरू करणाऱ्या संघाचे ९ शब्द
* दुसऱ्या संघाचे ८ शब्द
* कोणत्याही संघाचे नसलेले ७ शब्द (त्रयस्थ)
* मारेकऱ्याचा १ शब्द

संचात ४० की कार्डे असतात. प्रत्येक कार्ड चारही दिशांनी उभे करता येत असल्यामुळे त्यांपासून १६० वेगवेगळ्या विभागण्या मिळतात. शब्दही दर डावाला बदलत असल्याने तोच डाव पुन्हा समोर येण्याची शक्यता जवळजवळ नसते.

### खेळण्याची पद्धत

आपली पाळी आली की प्रमुख एक शब्द व एक संख्या उच्चारतो. आपल्या संघाचे किती शब्द या संकेताशी संबंधित आहेत, हे ती संख्या सांगते. सहकारी आपापसांत चर्चा करतात आणि निवडलेल्या शब्दाला बोट लावतात. बोट लावणे हीच अधिकृत निवड मानली जाते. शब्द आपल्या संघाचा निघाल्यास पुढचा शब्द निवडता येतो. सांगितलेल्या संख्येपेक्षा एक अधिक प्रयत्न करण्याची मुभा असते. तिचा उपयोग सहसा आधीच्या पाळीत राहून गेलेला शब्द ओळखण्यासाठी केला जातो.

निवडलेला शब्द त्रयस्थ असेल तर पाळी संपते. तो प्रतिस्पर्ध्यांचा असेल तर पाळी संपतेच, शिवाय प्रतिस्पर्ध्यांचे एक काम आयते होते. मारेकऱ्याच्या शब्दाला बोट लावणारा संघ तत्काळ हरतो. आपले सर्व शब्द आधी उघडे करणारा संघ जिंकतो.

### मराठीतील उदाहरण

खेळाची गंमत एका काल्पनिक मराठी पटावरून स्पष्ट होऊ शकते. समजा एका संघाच्या वाट्याला 'पान', 'अंक' आणि 'मुखपृष्ठ' हे शब्द आले आहेत. प्रमुखाला 'मासिक : ३' हा संकेत सहज सुचेल. परंतु त्याच पटावर 'पगार' हा मारेकऱ्याचा शब्द असेल, तर हा संकेत धोक्याचा ठरतो, कारण पगारही मासिक असतो. अशा वेळी 'नियतकालिक : ३' हा संकेत अधिक सुरक्षित आहे.

'पान' या शब्दाला झाडाचे, वहीचे, विड्याचे, पत्त्यांचे आणि जेवणाचे असे अनेक अर्थ आहेत. 'अंक' संख्येत येतो, नाटकात येतो आणि नियतकालिकाचाही असतो. सहकाऱ्याच्या मनात यांतील कोणता अर्थ आधी येईल, याचा अंदाज बांधणे हे प्रमुखाचे खरे काम असते.

## संकेतांचे नियम

संकेत शब्दाच्या अर्थाशी संबंधित असावा लागतो. पटावरील शब्दातील अक्षरांची संख्या, त्याचे आद्याक्षर किंवा पटावरील त्याची जागा यांकडे निर्देश करणारा संकेत बाद ठरतो. संकेत एकाच शब्दाचा असावा. पटावर उघडा असलेला शब्द, त्याचे रूप किंवा त्यातील घटकपद संकेत म्हणून वापरता येत नाही. मराठीत खेळताना हा नियम लावायचा झाल्यास, पटावर 'घरजावई' असेपर्यंत 'घर' किंवा 'जावई' म्हणता येणार नाही आणि 'पाणी' असताना 'पाण्यात' हे रूपही चालणार नाही. तो शब्द ओळखला जाऊन झाकला गेला की बंधन संपते.

प्रमुखाने संकेताव्यतिरिक्त काहीही सूचित करू नये, अशी अपेक्षा असते. सहकाऱ्याचा हात चुकीच्या पत्राकडे जात असताना चेहऱ्यावर चिंता दिसणे हेसुद्धा नियमाला धरून नाही. संकेत ग्राह्य आहे की नाही अशी शंका आल्यास प्रतिस्पर्धी संघाच्या प्रमुखाचे मत घेतले जाते. बाद संकेत दिल्यास पाळी तेथेच संपते आणि प्रतिस्पर्धी प्रमुखाला आपला एक शब्द विनासायास झाकता येतो.

अनुभवी खेळाडूंसाठी शून्य या संख्येचा संकेतही आहे. 'या शब्दाशी आमचा एकही शब्द जुळत नाही' असा त्याचा अर्थ असून अशा पाळीत प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नसते.

## प्रमुख आवृत्त्या

### कोडनेम्स पिक्चर्स

२०१६ साली प्रकाशित झालेल्या या आवृत्तीत शब्दपत्रांच्या जागी चित्रपत्रे आहेत. संकेत मात्र शब्दातच द्यायचा असतो. दोन्ही बाजूंनी छापलेल्या १४० पत्रांवर एकूण २८० चित्रे आहेत. एका चित्रात बहुधा दोन असंबद्ध कल्पना एकत्र केलेल्या असतात, त्यामुळे एकाच चित्राकडे अनेक अंगांनी पाहता येते. पटावर २५ ऐवजी २० पत्रे मांडली जातात आणि त्यांची विभागणी ८, ७, ४ व १ अशी असते.

चित्रांना ठरावीक नाव नसल्यामुळे संकेताचे स्वरूप बदलते. शब्दाचे अर्थ मोजके असतात आणि ते बहुतेकांना माहीत असतात. चित्रात मात्र एखाद्याला वस्तू दिसते, दुसऱ्याला कृती दिसते, तर तिसऱ्याचे लक्ष कोपऱ्यातील तपशिलाकडे जाते. आकार, पोत किंवा मनःस्थिती सांगणारे संकेत येथे अधिक उपयोगी पडतात. पटावर शब्द नसल्यामुळे कोणत्याही भाषेत खेळता येणे हा या आवृत्तीचा महत्त्वाचा विशेष आहे.

### कोडनेम्स ड्युएट

२०१७ सालची ही आवृत्ती ख्वातिल व स्कॉट ईटन यांनी तयार केली. ती मुख्यतः दोन खेळाडूंसाठी असून पूर्णपणे सहकारी स्वरूपाची आहे. दोघेही एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात. की कार्ड दोघांच्या मधोमध उभे असते आणि प्रत्येकाला त्याची एकच बाजू दिसते. त्यामुळे दोघेही आळीपाळीने संकेत देतात आणि ओळखतात.

प्रत्येक बाजूवर ९ हिरव्या चौकटी म्हणजे ओळखायचे शब्द आणि ३ काळ्या चौकटी म्हणजे मारेकरी असतात. दोन्ही बाजूंच्या हिरव्या चौकटींपैकी ३ सामाईक असल्यामुळे एकूण १५ शब्द शोधायचे असतात. मारेकऱ्यांची मांडणी चतुराईने केलेली आहे. एका खेळाडूला दिसणाऱ्या तीन मारेकऱ्यांपैकी एक दुसऱ्यासाठीही मारेकरी असतो, एक दुसऱ्याच्या बाजूने त्रयस्थ असतो आणि एक चक्क ओळखायचा शब्द असतो. म्हणूनच 'मला जो शब्द घातक दिसतो तो जोडीदार माझ्याकडून ओळखून घेऊ पाहणार नाही' असे गृहीत धरता येत नाही.

नेहमीच्या डावात ९ पाळ्यांत सर्व शब्द शोधावे लागतात. ओळखणे बरोबर येत असेपर्यंत एका पाळीत कितीही प्रयत्न करता येतात. पाळ्या संपल्यावर संकेत न देता उरलेले शब्द ओळखण्याची संधी मिळते, पण त्या टप्प्यात एक चूक झाली तरी डाव हातचा जातो. संचासोबतच्या नकाशावर पाळ्यांची व चुकांची मर्यादा बदलणारी आव्हाने दिलेली आहेत. या संचातील ४०० शब्द मूळ संचातील शब्दांपेक्षा वेगळे असल्याने मूळ संचात भर घालण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

### प्रौढांसाठीची आवृत्ती

'कोडनेम्स : डीप अंडरकव्हर' ही २०१६ साली अमेरिकेत आलेली आवृत्ती केवळ प्रौढांसाठी आहे. नियम मूळ खेळाचेच असून शब्दसंग्रहात लैंगिक अर्थाचे, द्व्यर्थी आणि असभ्य मानले जाणारे इंग्रजी शब्द आहेत. यांतील अनेक शब्द बोलीतील आहेत. त्यामुळे इंग्रजी उत्तम वाचणाऱ्या परंतु ती भाषा रोजच्या व्यवहारात न बोलणाऱ्या खेळाडूंनाही ते अपरिचित वाटू शकतात.

### कथाविश्वांवर आधारित आवृत्त्या

'यूएसएओपोली' या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने परवान्यानुसार काही आवृत्त्या काढल्या. २०१७ साली डिस्नी आणि मार्व्हल, तर २०१८ साली हॅरी पॉटर या विषयांवरील संच आले. या संचांतील पत्रांच्या एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला शब्द असल्याने दोन्ही प्रकारांनी खेळता येते. मार्व्हलच्या संचात दोन संघांना शील्ड आणि हायड्रा या त्या कथाविश्वातील प्रतिस्पर्धी संघटनांची नावे दिलेली आहेत. हॅरी पॉटरचा संच मात्र संघांच्या स्पर्धेवर आधारलेला नसून 'ड्युएट'प्रमाणे सहकारी आहे. नावावरून हा फरक लक्षात येत नाही.

### मोठ्या आकाराच्या आवृत्त्या

मूळ खेळ, 'पिक्चर्स' व 'ड्युएट' यांचे 'एक्सएक्सएल' नावाचे संचही आहेत. त्यांत पत्रांचा आकार मोठा असतो, नियम तेच राहतात. मोठ्या टेबलाभोवती बसणारे गट, शाळेचे वर्ग आणि दृष्टी मंद झालेले खेळाडू यांना ते सोयीचे पडतात. 'एक्सएक्सएल' म्हणजे अधिक शब्द असा गैरसमज होण्याची शक्यता असते.

### ऑनलाइन स्वरूप

कोविड-१९ साथीच्या काळात प्रत्यक्ष एकत्र बसणे अशक्य झाल्यावर हा खेळ संगणकावर व मोबाइलवर मोठ्या प्रमाणात खेळला गेला. प्रकाशनसंस्थेनेही ब्राउझरमध्ये चालणारे विनामूल्य रूप उपलब्ध करून दिले. खेळाडू वेगवेगळ्या गावांत असले तरी दूरध्वनीवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलत एकाच पटावर खेळू शकतात. वाळूचे घड्याळ, की कार्ड आणि पत्रे झाकणे ही कामे संगणक करतो.

## तुलना

| आवृत्ती | वर्ष | पटावर काय | मांडणी | स्वरूप |
|---|---|---|---|---|
| कोडनेम्स | २०१५ | शब्द | ५ × ५ | दोन संघांची स्पर्धा |
| पिक्चर्स | २०१६ | चित्रे | ५ × ४ | दोन संघांची स्पर्धा |
| डीप अंडरकव्हर | २०१६ | प्रौढांसाठीचे शब्द | ५ × ५ | दोन संघांची स्पर्धा |
| ड्युएट | २०१७ | शब्द | ५ × ५ | दोघांचे सहकार्य |
| मार्व्हल | २०१७ | चित्रे किंवा शब्द | ५ × ५ | दोन संघांची स्पर्धा |
| हॅरी पॉटर | २०१८ | चित्रे किंवा शब्द | ५ × ५ | सहकार्य |

## निवडीचे निकष

### खेळाडूंची संख्या

मूळ खेळाला किमान चार खेळाडू लागतात, म्हणजे दोन प्रमुख आणि प्रत्येक संघात निदान एक ओळखणारा. सहा ते आठ जण असतील तर चर्चेला रंग चढतो आणि वेगवेगळ्या तर्कांची टक्कर होते. त्याहून मोठ्या गटात मितभाषी खेळाडू मागे पडण्याचा संभव असतो. दोन किंवा तीन खेळाडूंसाठी मूळ नियमपुस्तिकेत पर्यायी पद्धती दिलेल्या आहेत. दोघांच्या पद्धतीत प्रतिस्पर्धी संघ नसतो, म्हणून प्रमुख दर पाळीला त्याचा एक शब्द झाकून त्याची प्रगती दाखवतो. मात्र नेहमी दोघेच खेळणार असतील तर त्यासाठीच रचलेली 'ड्युएट' अधिक योग्य ठरते, कारण तीत दोघांनाही दोन्ही भूमिका मिळतात. दोनपेक्षा अधिक खेळाडू 'ड्युएट'मध्ये दोन गट करून खेळू शकतात.

### वय आणि वाचन

मूळ खेळात पंचवीस शब्द वाचणे पुरेसे नसते, तर त्यांचे एकाहून अधिक अर्थ माहीत असावे लागतात. वाचायला नुकतेच शिकलेल्या मुलांना शब्द वाचता आले तरी दुसरा अर्थ ठाऊक नसल्याने संकेताचा धागा सापडत नाही. लिपी न येणाऱ्या व्यक्तीला तर पटच बंद असतो. अशा गटांसाठी चित्रांची आवृत्ती उपयुक्त आहे. तरीही 'पिक्चर्स' ही लहान मुलांसाठीची सोपी आवृत्ती आहे, हा समज अचूक नाही. चित्रांचे अन्वयार्थ मोकळे असल्यामुळे प्रौढांनाही ती अवघड जाऊ शकते.

### भाषा

शब्दांच्या आवृत्तीची निवड म्हणजे भाषेचीही निवड असते. इंग्रजी संचातील अनेक शब्द त्यांच्या दुहेरी अर्थामुळेच निवडलेले आहेत. उदाहरणार्थ, 'बॅट' म्हणजे खेळायची बॅट आणि वटवाघूळ. 'लेप्रेकॉन' किंवा 'लॉक नेस' यांसारखे शब्द आयरिश लोककथांची वा स्कॉटलंडच्या भूगोलाची ओळख गृहीत धरतात. इंग्रजी ही ज्यांची शिक्षणाची भाषा आहे आणि ज्यांची ती नाही, असे खेळाडू एकाच टेबलाभोवती असतील, तर स्पर्धा तर्कशक्तीची न राहता शब्दसंग्रहाची होते. एकाच घरात आजी-आजोबा मराठीत आणि नातवंडे इंग्रजीत अधिक सहज असतील, तेथे ही अडचण प्रकर्षाने जाणवू शकते. 'पिक्चर्स'मध्ये संकेताची भाषा गटाने ठरवायची असल्याने तो मधला मार्ग ठरतो.

### समान संदर्भ

कथाविश्वांवरील आवृत्त्या त्या कथा चांगल्या माहीत असणाऱ्यांसाठीच आहेत. गटातील एकाला जरी पात्रे व प्रसंग ठाऊक नसतील तरी तो खेळातून बाहेर पडल्यासारखा होतो. एकाच कथेतील शब्दांचे परस्परांशी इतके संबंध असतात की एका संकेताला अनेक शब्द लागू पडतात. त्यामुळे चाहत्यांसाठी असा पट अधिक सूक्ष्म आणि आव्हानात्मक होतो, तर इतरांसाठी तो दुर्बोध राहतो.

### स्पर्धा की सहकार्य

संघांच्या खेळात वेळेचा आणि हारजितीचा ताण असतो. मारेकऱ्याच्या शब्दाला बोट लावणाऱ्या खेळाडूवर संघाचा रोष ओढवू शकतो आणि प्रमुखाची भूमिका घेण्यास नवखे खेळाडू कचरतात. सहकारी आवृत्तीत ही चूक दोघांची असते. दुसरीकडे, प्रेक्षकांसह खेळण्याची मजा, प्रतिस्पर्ध्यांच्या चुकीतून मिळणारा लाभ आणि संघातील वादविवाद या गोष्टी सहकारी आवृत्तीत आढळत नाहीत.

### संचांची सरमिसळ

प्रमुख आवृत्त्या एकमेकींशी जोडता येतात. मूळ संचातील शब्द 'ड्युएट'च्या की कार्डांसह वापरता येतात आणि चित्रे व शब्द एकाच पटावर मांडून खेळता येते. त्यामुळे आधी एक संच घेऊन नंतर गरजेनुसार दुसऱ्याची भर घालणे शक्य असते.

## भाषांतर आणि शब्दसूची

'कोडनेम्स' अनेक भाषांत प्रकाशित झाला आहे. मात्र या खेळाचे भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द देणे नव्हे. इंग्रजी 'स्प्रिंग' या शब्दात वसंत ऋतू, झरा आणि धातूची कमान असे तीन अर्थ सामावलेले आहेत. मराठीत 'वसंत' असे भाषांतर केल्यास उरलेले दोन अर्थ नाहीसे होतात आणि शब्दाची खेळातील उपयुक्तता घटते. जर्मनमध्ये 'श्लॉस' म्हणजे राजवाडा आणि कुलूप, तर 'बांक' म्हणजे बाक आणि बँक. ही अर्थांची जुळणी त्या भाषेपुरतीच असते. म्हणून प्रत्येक भाषेला तिच्यातील अनेकार्थी शब्दांची स्वतंत्र सूची लागते.

मराठीत अशा शब्दांची वाण नाही. 'वर' म्हणजे नवरा मुलगा, आशीर्वाद आणि दिशा. 'माळ' म्हणजे गळ्यातली आणि उजाड मैदान. 'कर' म्हणजे हात आणि सरकारला द्यायची रक्कम. 'मुळा' म्हणजे भाजी आणि नदी. 'कळ' म्हणजे वेदना आणि यंत्राचे बटण. कोऱ्या चिठ्ठ्यांवर असे शब्द लिहून आणि मूळ संचातील की कार्डे वापरून मराठीत खेळता येते. काही ऑनलाइन रूपांतही खेळाडूंना स्वतःची शब्दसूची वापरता येते.

अशी सूची करताना तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. शब्द गटातील सर्वांना परिचित असावेत. शक्य तेथे त्यांना एकापेक्षा अधिक अर्थ असावेत. आणि एकाच विषयातील शब्दांची गर्दी नसावी, कारण पटावर पाच नद्या किंवा सहा भाज्या आल्यास संकेत देणे अवघड होते. मराठीतील सामासिक शब्द आणि विभक्तीची रूपे कितपत चालतील, हे खेळ सुरू होण्यापूर्वी ठरवून घेणे इष्ट असते.

## तत्सम खेळ

शब्द ओळखण्याच्या खेळांची परंपरा 'कोडनेम्स'पेक्षा जुनी आहे. 'पासवर्ड' या १९६१ साली सुरू झालेल्या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका शब्दाचा संकेत देऊन जोडीदाराकडून शब्द काढून घेतला जाई. 'पिक्शनरी' (१९८५) या खेळात चित्र काढून शब्द सुचवला जातो, तर 'टॅबू' (१९८९) मध्ये काही ठरावीक शब्द टाळून वर्णन करायचे असते. या खेळांत एका वेळी एकच शब्द ओळखायचा असतो. 'कोडनेम्स'मध्ये एका संकेताने अनेक शब्द बांधायचे आणि त्याच वेळी नको ते शब्द वगळायचे असतात.

अलीकडच्या खेळांपैकी 'डिक्सिट' (२००८) हा चित्रांवरून संदिग्ध संकेत देण्याचा खेळ आहे. 'डिक्रिप्टो' (२०१८) मध्ये आपल्या संघाला कळेल पण प्रतिस्पर्ध्यांना कळणार नाही असा संकेत द्यावा लागतो. 'जस्ट वन' (२०१८) हा सहकारी खेळ असून त्यात दोघांनी सारखाच संकेत लिहिल्यास तो रद्द होतो. 'डिक्सिट'ला २०१० साली आणि 'जस्ट वन'ला २०१९ साली 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळाला.

## संशोधनातील उपयोग

संगणकशास्त्रात, विशेषतः नैसर्गिक भाषेवरील प्रक्रियेच्या अभ्यासात, 'कोडनेम्स'चा उपयोग चाचणी म्हणून केला गेला आहे. शब्दांचे परस्परसंबंध संख्यांत मांडणाऱ्या प्रणालींना प्रमुखाची किंवा ओळखणाऱ्याची भूमिका देऊन त्यांची पारख केली जाते. दोन शब्द अर्थाने किती जवळचे आहेत, हे अशा प्रणालींना मोजता येते. परंतु समोरच्या विशिष्ट माणसाला कोणता अर्थ आधी सुचेल, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. एकमेकांना चांगले ओळखणारे खेळाडू घरातील एखादा प्रसंग किंवा एकत्र केलेला प्रवास आठवून संकेत देतात आणि तो संकेत इतरांना अनाकलनीय राहतो. आवृत्तीची निवड करतानाही हीच बाब निर्णायक ठरते. ज्या आवृत्तीतील शब्द, चित्रे किंवा कथा गटातील प्रत्येकाच्या परिचयाच्या आहेत, त्या आवृत्तीत सर्वांना संकेत देताही येतो आणि ओळखताही येतो.